जुन्या उतारावरचे अकरा

दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवा. ऐकणाऱ्याचा चेहरा दिसला की मला बरं पडतं. पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला समोरच्याच्या भुवया वाचायची सवय असते, आणि ही हकीकत सांगताना कुठे थांबायचं ते मला त्यावरूनच कळेल.

तर, मी बहिणीकडे गेलो तो तिचं पातेलं परत द्यायला. जूनपासून ते माझ्याकडे पडून होतं. शहरातल्या इस्पितळाने लविनियाला घरी पाठवून दिलं, तेव्हा गावातल्या बायकांनी तिला जेवण पोचवायच्या पाळ्या लावल्या होत्या आणि माझ्यासारख्या सड्या, निवृत्त माणसालाही एक वार दिला होता. मी बटाटे उकडून दिले. तिने खाल्ले नाहीत. पण तेव्हा ती काहीच खात नव्हती, त्यामुळे तो माझ्या बटाट्यांवरचा अभिप्राय धरायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या नर्सबाईने तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता महिने नाहीत, आठवडे धरा.

सप्टेंबर संपत आला होता. मी दार ढकललं तर लविनिया चुलीपाशी उभी राहून तव्यावरची जाड भाकरी उलटत होती.

"उभा काय राहिलास दादा? दार लाव, ऊब जाते."

मी दार लावलं. बसलो. आठवडे मोजायला सांगितलेली बाई भाकरी उलटते आहे, हे बघून भावाला आनंद व्हायला हवा. झालाही. पण मला आनंदाच्या मागोमाग शंका येते, ती सवय नोकरीत लागली आणि पेन्शनबरोबर घरी आली. तिचे केस ओले होते. नुकते धुतलेले असतात तसे नव्हेत. मुळापासून ओले, आणि खांद्यावर पदराएवढा ओलावा उतरलेला. आणि घरात एक वास होता. मांस शिजत होतं, पण त्याच्या खाली दुसरा वास होता, पावसाळी तळघराचा, कुजक्या लाकडाचा, गार चिखलाचा.

"काय शिजवलंयस?"

"मूस. ह्यांनी आणला. तिसरा." तिने वाडग्यात अळणी रस्सा ओतून माझ्यापुढे सरकवला. "त्यावरच तर उठले मी. पी."

मी पोट बिघडल्याचं सांगितलं. ती हसली. "तुझं पोट आणि तुझा स्वभाव, दोन्ही कायमचे बिघडलेलेच आहेत," म्हणाली आणि वाडगं स्वतः तोंडाला लावलं. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, डोळे मिटून, घाईघाईने.

तिसरा मूस. हे शब्द माझ्या डोक्यात अडकले. त्या शरदात गावातल्या प्रत्येक होडीने सरोवर पालथं घातलं होतं आणि कुणाला मूसाचं शिंगसुद्धा दिसलं नव्हतं. मूस, म्हणजे घोड्याहून उंच असं आमच्याकडचं रुंद शिंगांचं हरीण, वाळुंजाच्या फांद्यांवर जगतो. वाळुंज पाण्याच्या काठाला येतो. आणि काठ कुठे असावा हे सव्वीस वर्षांपासून धरणाची कंपनी ठरवते. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या शहरांना दिवे आणि शेगड्या लागतात म्हणून पाणी सोडायचं, उन्हाळ्यात परत भरायचं. वर्षातून दोनदा जागा बदलणाऱ्या काठावर चिखल आणि आडवी झाडं ह्यांपलीकडे काही टिकत नाही. कंपनीच्या अहवालात मात्र मूस कमी झाल्याचं कुठेही नाही. त्यांचं 'पुनर्वितरण' झालं आहे असं लिहिलंय. कुठे झालं, ते परिशिष्टात आहे. ते परिशिष्ट मी अजून मागतोच आहे.

आणि झकायसला एका महिन्यात तीन मूस मिळाले. झकायस माझ्या बहिणीचा नवरा. मेव्हण्याला आमच्या क्री जमातीच्या भाषेत निस्ताव म्हणतात, आणि निस्तावाची टिंगल करणं हा टवाळपणा नसून कर्तव्य समजलं जातं. दोन निस्ताव एकमेकांशी गंभीरपणे बोलायला लागले की घरातली माणसं काळजीत पडतात. ह्या कर्तव्यात मी कधी कसूर केली नव्हती. झकायसचा नेम हा तर माझा राखीव विषय होता.

निघताना मी त्याच्या शेडमध्ये डोकावलो. चोरून, हे कबूल करतो. तीन कातडी ताणून लावलेली होती. मी त्यांवर हात फिरवला, उजेडाकडे धरून बघितली. एकाही कातड्याला गोळीचं भोक नव्हतं. आठ दिवस कोरडं ऊन असूनही ती सुकलेली नव्हती. खालच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं आणि जमिनीवर त्याची बारीक वाट तयार झाली होती, सरोवराच्या दिशेने. कोपऱ्यात खुरं पडली होती. एक उचलून बघितलं, फटीत निळसर माती घट्ट बसलेली. ती माती आमच्या भागात एकाच जागी मिळायची. जुन्या उतारावर, जिथे नदी पसरट व्हायची आणि माणसं, जनावरं पायी पार करायची. लहानपणी आम्ही त्या मातीची चित्रं करायचो. तो उतार आता पाण्याखाली आहे, नऊ वाव, म्हणजे नऊ पुरुष खोल.

मला तेव्हापासून एकच कळून घ्यायचं होतं. माझी बहीण जे खाऊन उठून बसली होती, ते काय होतं?

दुसऱ्या दिवशी झकायस धक्क्यावर होडीच्या मोटारीत तेल घालत होता. मी जाऊन उभा राहिलो.

"काय साहेब? तपासणी?" त्याने वर न बघता विचारलं.

"गावात चर्चा आहे निस्ताव. जो माणूस स्वतःच्या लग्नात चर्चच्या दाराला धडकला, त्याला मूस दिसतो कसा?"

"मला नाही दिसत. मी त्यांना दिसतो." तो हसला नाही. एवढी आयती संधी देऊनही त्याने उलट टोला दिला नव्हता.

"मला पण ने."

त्याने डबा खाली ठेवला. "चल. पण तिथे हाक मारायची नाही."

"हाक न मारता मूस येतो? टपालाने?"

"बस होडीत," झकायस म्हणाला.

दुपारी दोनला निघालो. आभाळ ढगाळ, वारा नाही. तासभर आम्ही मेलेल्या झाडांमधून गेलो. सव्वीस वर्षं ती पाण्यात उभी आहेत, साल गळून करडी पडलेली, पक्षीही बसत नाहीत. मोटार मंद ठेवावी लागते, कारण पाण्याखाली ओंडके आहेत आणि त्यांची जागा कुठल्याच नकाशात नाही. पुढे झाडं संपली आणि मोकळं पाणी आलं, तिथे त्याने मोटार बंद केली.

मी दगड बांधलेली दोरी पाण्यात सोडली. दर वावाला गाठ मारलेली माझीच दोरी होती. नऊ गाठी गेल्या, दगड टेकला. उतारावर आलो होतो.

ही जागा मला ठाऊक होती आणि टाळायची म्हणून ठाऊक होती. धरणाचे दरवाजे बंद झाले त्यानंतरचा पहिला हिवाळा. बर्फ धरल्यावर कंपनीने खालचं पाणी ओढून घेतलं. वरचा बर्फ आधाराशिवाय तसाच लोंबकळत राहिला. मूसाचा एक कळप पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने जुन्या उतारावरून पार जायला निघाला. अकरा होते. झकायसच्या बापाने काठावरून बघितले. मधोमध पोचले तेव्हा बर्फ खचला आणि अकराच्या अकरा आत गेले. जवळ जायची सोय नव्हती, वर काढायचीही नव्हती. आमच्याकडे मूस मारला की त्याच्या गळ्याखाली दाढीसारखी लोंबणारी कातडी असते ती कापून तिथल्याच जित्या झाडाच्या फांदीला टांगतात. त्याने स्वतःला दिलं, आपण घेतलं, ह्याची ती पोच. मांस गावात घरोघर जातं. त्या अकरांना कुणी खाल्लं नाही, त्यांची पोच कुणी दिली नाही.

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि गावात टंकलेखन येणारा एकटा. कंपनीच्या छापील तक्त्यात एक रकाना होता, 'वन्यप्राणी: हानी'. कंपनीच्या माणसाने विचारलं, मेलेली जनावरं कुणी वर काढून मोजली आहेत का? मी म्हटलं, नाही. मग? म्हणाला. मी टाइप केलं: निरंक. एक शब्द. अक्षरं सुबक आली होती, ते अजून आठवतं.

होडी स्थिर होती. झकायस मांडीवर हात ठेवून बसला होता. बंदूक खाली पडलेली, तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. दहा मिनिटं गेली. वीस. मला त्याचा राग यायला लागला. एकतर हा मला बनवतो आहे, नाहीतर कुठून तरी बुडालेली, गारठ्यात टिकलेली जनावरं गळाने ओढून काढतो आहे आणि माझ्या बहिणीला खायला घालतो आहे. दुसरी शंका मला जास्त पटत होती. तळाशी ती अकरा होतीच. तिथलं पाणी बर्फासारखं. का टिकणार नाहीत?

"निस्ताव, तुझा गळ कुठेय?" मी विचारलं.

"कसला गळ?"

"ज्याने तू मेलेली काढतोस तो."

त्याने मान वळवून पाण्याकडे बघितलं. मला ते कबुलीसारखं वाटलं. आणि मग मी ते केलं, जे त्याने करू नको म्हणून सांगितलं होतं. होडीच्या टोकाला भूर्जाच्या सालीचा त्याचा कर्णा पडला होता. मी उचलला, तोंडाला लावला आणि मादीची लांब, रडवी हाक घातली. नुसती थट्टा म्हणून. वर डब्याने पाणी घेऊन पाण्यात धार सोडली, मादी पाण्यात उभी राहून मुतते तसा आवाज. आमच्यातला कुठलाही शिकारी हे करतो. मला वाटलं, काही येणार नाही आणि ह्याचं नाटक उघडं पडेल.

"एनोस..." झकायस कुजबुजला. "काय केलंस हे..."

उत्तर आलं.

नराचं उत्तर असतं ते खोलगट हुंकार, एकेक, चालताना दिलेले. रानातून येतात तेव्हा दिशा कळते. हे कुठल्याच दिशेने आले नाहीत. मला ते ऐकू येण्याआधी पायांना कळले. होडीच्या तळातून. एक. थोड्या वेळाने दुसरा, जरा जवळून. तळाच्या लाकडावर ठेवलेला डबा थरथरत होता.

"होडी चालू कर," मी म्हणालो.

"आता नाही चालू होणार."

वीसेक हातांवर पाण्यातून फांद्या वर आल्या. मला हायसं वाटलं, खरंच सांगतो. बुडालेलं झाड कधीकधी तळ सोडतं आणि वर येतं, आम्ही नेहमी बघतो. शेवाळ लोंबत होतं, फांद्या रुंद, तळहातासारख्या पसरलेल्या. मग त्या झाडाने मान वळवली.

तो पोहत नव्हता. पोहणाऱ्या मूसाचं डोकं पुढे असतं, अंग पाण्यात. हा चढ चढून यावा तसा येत होता, एकेक पाऊल टाकत. आधी शिंगं, मग कपाळ, मग मान, खांदे. प्रत्येक पावलागणिक तो थोडा उंच होत गेला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला तेव्हा होडीपासून दोन हातांवर होता. माझी दोरी होडीच्या बाजूने सरळ खाली गेलेली होती, ताणलेली, नऊ गाठी.

त्याच्या अंगावरून पाणी ओघळत होतं आणि ते थांबत नव्हतं. नाकपुड्यांतून, कानांतून, सारखं. तोच वास, लविनियाच्या घरातला, पण इथे इतका दाट की श्वास घेताना घशाला लागत होता. डोळे उघडे होते. दुधाळ. तरी ते माझ्याकडेच लागलेले आहेत ह्यात मला शंका नव्हती, आणि मला सगळ्यातच शंका असते.

त्याने अंग वळवून कूस आमच्याकडे केली. मान लांब केली. गळ्याखालची दाढी माझ्या हाताला लागेल इतकी पुढे आली.

"तू हाक मारलीस," झकायस म्हणाला. आवाज इतका हळू की ओठ बघून कळत होतं. "तुझा आहे. गळ्याला हात लाव. बस. मग तो आपल्या मागे काठापर्यंत येतो आणि आडवा होतो. गोळी लागत नाही... काही लागत नाही."

"तू... तीन वेळा..."

"मी बोलावलं नव्हतं. आले. मी घेतले, काठावर जितं झाड शोधून दाढी टांगली, मांस शिजवलं. लविनियाने खाल्लं. ती बघ कशी झालीय."

"तिला माहितेय?"

"कुठे जायचं ते तिनेच सांगितलं मला. इस्पितळातून आली त्या रात्री झोपेत बोलली." त्याने माझा दंड धरला. हात गार होता. "दिलेलं नाकारायचं नसतं एनोस. तुला शिकवायला हवं का? एकदा तू ह्यांना कागदावर नाकारलंस. पुन्हा नको."

मूस वाट बघत होता. होडीच्या कडेवर त्याच्या नाकातलं पाणी पडत होतं, ठिब, ठिब. मी हात पुढे केला. इंचभर राहिलं असेल. त्या इंचभर जागेत मला लविनिया दिसली, डोळे मिटून घाईने रस्सा पिणारी, खांद्यावर ओल उतरलेली. ती बरी होत नाहीये, असं माझ्या मनाने घेतलं. हे तिला खायला घालत नाहीयेत, तिला न्यायला येताहेत. घोटाघोटाने.

मी हात मागे घेतला.

"नाही," मी मोठ्याने म्हणालो. "मी थट्टेत हाक मारली. मला नको. जा परत."

त्याने थोडा वेळ मान तशीच ठेवली. मग आखडून घेतली. वळला, आणि आला तसाच उतरत गेला. खांदे, मान, शिंगं. शेवटचं टोक बुडालं तेव्हा पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही. मी मोटार ओढली, पहिल्या ओढीला चालू झाली.

परत येईपर्यंत झकायस माझ्याकडे पाठ करून बसला होता.

लविनिया धक्क्यावर आली होती, शाल गुंडाळून. तिने रिकामी होडी बघितली. मला हात देऊन वर घेतलं आणि म्हणाली, "दारात आलेल्याला आईने कधी परत पाठवलं होतं का रे दादा?"

"लविनिया, ते जनावर नव्हतं."

"मला भूक लागायची त्यांच्यामुळे," ती म्हणाली. रागाने नव्हे. एखादं दुकान बंद झाल्याचं सांगावं तसं. "चला. चहा तरी घेऊ."

नंतर झकायस रोज उतारावर गेला. पाणी गोठायला लागेपर्यंत गेला. काही आलं नाही. घरातलं मांस संपल्यावर लविनिया झोपून राहिली. तिचे केस कोरडे झाले, कपाळाला ऊब आली, घरातला वास गेला. मी ह्या सगळ्याचा मनातल्या मनात तक्ता मांडला आणि माझं बरोबर होतं असा निष्कर्ष काढला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. शांतपणे, नवऱ्याचा हात धरून, कोरडी आणि उबदार. नर्सबाई म्हणाली, एवढी टिकली हेच नवल. टेकडीवरच्या नव्या स्मशानात आम्ही तिला पुरलं. जुनं स्मशान बुडीत गेलंय. मी स्वतः माती लोटली.

झकायस माझ्याशी सभ्यपणे वागायला लागला. भेटला की तब्येत विचारायचा. माझ्या टक्कलावर, उकडलेल्या बटाट्यांवर, एकटेपणावर एक शब्द नाही. गावातल्या म्हाताऱ्या आम्हाला रस्त्यात बघून माना हलवायच्या. निस्तावाने आदराने वागवलं ह्याचं दुःख बाहेरच्या कुणाला सांगितलं, तर तो हसेल. मला रात्री झोप लागत नसे.

आणि तो रोज बर्फावर जायचा. सकाळी अकराला बर्फगाडी घेऊन निघायचा, तीनला परत. जाळी लावत नव्हता, सापळे लावत नव्हता. मागे बांधलेली घसरगाडी रिकामी जायची, रिकामी यायची. दुकानात रांगेत माझ्यापुढे उभा असताना त्याच्या कोटाला धुराचा वास आला. तो तर लविनिया गेल्यापासून चूल बंद करून तेलाची शेगडी वापरत होता. मला पुन्हा शंकेने घेरलं. शंकेवर मला औषध एकच माहीत आहे.

जानेवारीच्या मध्याला त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने कोट चढवला, जणू रोज माझीच वाट बघत होता.

उतारापासून थोडं अलीकडे त्याने गाडी थांबवली आणि पायी चालत एका जागी गुडघे टेकले. तिथला बर्फ वाजत होता, पोकळ. कंपनीने पाणी ओढलं की असं होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या आठवड्यात पाणी किती उतरवलं त्याची नोटीस दुकानाच्या दारावर होती आणि मी ती वाचली होती. फार तर दीड पुरुष, त्याखाली पाणीच असायला हवं होतं. झकायसने पहार मारली. चार घावांत बर्फ फुटला आणि पहार त्याच्या हातातून निसटून आत गेली.

आम्ही ऐकत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग खूप खाली, दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज. कोरडा.

भोकातून वारा वर आला. गार नव्हता. आणि त्याबरोबर धूर, पातळ, निळसर, वाळुंजाच्या लाकडाचा. डोळ्यांत चुरचुरणारा.

झकायसने त्यावर तोंड नेलं, हुंगलं आणि कपाळाला आठी घातली.

"ओलं लाकूड घालते अजून," तो म्हणाला. "किती वेळा सांगितलं."

बोलायला तोंड उघडलं असतं तर मी तिला नावाने हाक मारली असती, आणि तिथे मी पुन्हा हाक मारणार नव्हतो. आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी निघालो. का, ते विचारू नका. आदल्या रात्री बर्फ भुरभुरला होता. सरोवरभर पांढरं, सपाट, एकही पाऊल नाही, ना माणसाचं, ना कोल्ह्याचं. भोकाची कड मला लांबूनच दिसली, कारण तिथे वाफ होती.

कडेला भूर्जाच्या सालीचे दोन तुकडे मांडले होते, ताटलीसारखे. प्रत्येकावर भाजलेल्या मांसाचा एक वाटा. कूस फाडून काढलेला चांगला, चरबीचा भाग. शिकारी घरातल्या माणसांना देतो तो.

मागून गाडी आली. झकायस उतरला, गुडघे टेकले, एक साल उचलली आणि खायला लागला. सावकाश, पाठ ताठ ठेवून, बायकोच्या हातचं खावं तसा. दुसरीकडे त्याने बोटही लावलं नाही.

"तुझा आहे," एवढंच म्हणाला.

दुकानाच्या दारावरच्या पाऱ्यात त्या सकाळी उणे एकतीस होतं. तिथे चहा कपात गोठतो. मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक, झकायसचं खाऊन झालं, त्याने बोटं बर्फाला पुसली, गाडीपाशी जाऊन बसला.

माझ्या वाट्यातून अजून वाफ निघत होती.